आडवाटेची मुंबई : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावाकडून पाहुणे येतात, परदेशातून भाचे-पुतणे येतात. गेटवे, मरीन ड्राइव्ह, हाजी अली, सिद्धिविनायक दोन दिवसांत उरकतं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या कपाबरोबर प्रश्न येतो, "आता कुठे?" माझं माहेर परळचं, सासर गिरगावचं. गेली कित्येक वर्षं रविवारची सकाळ मी शहरात पायी हिंडण्यासाठी राखून ठेवलेली आहे. या काळात लोकांनी जे जे विचारलं, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

सगळी मुंबई तर पाहून झाली. अजून उरलंय काय?

खूप. फक्त तिकडे जायची पद्धत वेगळी आहे. गेटवेला बघणारे जातात आणि बघून परत येतात. आडवाटेच्या जागा मात्र कुणाच्या तरी रोजच्या असतात. तिथे कुणाचं घर असतं, कुणाचं देऊळ, कुणाची मासळी वाळत घालायची जागा. यातलं काहीच लपवलेलं नाही. आपण लोकलमधून रोज त्यांच्या शेजारून जातो, एवढंच. म्हणून यादीपेक्षा दोन गोष्टी जास्त लक्षात ठेवा : कोणत्या वेळी जायचं आणि तिथल्या माणसांशी कसं वागायचं. तेवढं जमलं तर शहर आपणहून दार उघडतं.

पहिल्यांदाच जायचं तर सुरुवात कुठून करू?

डॉकयार्ड रोड. मी हे सुचवलं की लोक चकित होतात, कारण हार्बर लाइनचं हे स्टेशन कुणी फिरायला जाण्याच्या यादीत घालत नाही. पण सीएसएमटीहून तिसऱ्याच स्टेशनावर, एका चालीत, इतकं वैविध्य मुंबईत दुसरीकडे मिळणार नाही.

स्टेशनाला लागूनच भंडारवाड्याची टेकडी आहे. वर पालिकेचा पाण्याचा जलाशय आणि त्यावर जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान. इथे पूर्वी माझगावचा किल्ला होता. सिद्दी याकुत खानाने १६९०च्या सुमारास तो पाडला. आता तटबंदी नाही, पण उद्यानाच्या पूर्वेच्या कठड्याशी उभं राहिलं की खाली गोदीतल्या क्रेन, उभी जहाजं आणि पलीकडे खाडी असं सगळं एका नजरेत येतं. सकाळी सातच्या आधी गेलात तर जहाजांचे दिवे अजून चालू असतात आणि खालून हार्बरची गाडी वळण घेताना दिसते. फिरायला आलेले म्हातारे गृहस्थ रोजच्या बाकावर रोजच्या क्रमाने बसलेले असतात. त्यांच्याशेजारी जागा असेल तर बसा. गोदीत उमेदीची वर्षं घालवलेली माणसं आहेत ती, कोणतं जहाज कुठलं हे ती लांबून ओळखतात.

उद्यानाला ज्यांचं नाव आहे ते काका बॅप्टिस्टा म्हणजे लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी, बॅरिस्टर, होमरूल चळवळीतले पुढारी आणि १९२५ साली मुंबईचे महापौर. त्यांचं गाव इथून पायी दहा मिनिटांवर आहे, माथारपाखाडी. हो, गावच. ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची ही जुनी वस्ती : लाकडी जिने घराच्या बाहेरून वर गेलेले, कौलारू छपरं, सज्जाला नक्षीचं लाकूड, मध्ये क्रूस. ईस्ट इंडियन लोक मुंबईचे मूळ रहिवासी आणि त्यांची घरची बोली मराठीच आहे. दारात बसलेल्या मावशींना मराठीत "बरं आहे ना?" विचारून पाहा, पुढची पंधरा मिनिटं कशी गेली कळणार नाही.

तिथून नवाब टँक रोडवर चिनी देऊळ आहे. बाहेरून साधं दुमजली घर वाटतं, लाल दरवाजा नसता तर ओळखूही आलं नसतं. माझगावच्या गोदीमुळे इथे चिनी खलाशी आणि कारागीर स्थायिक झाले होते. त्यांनी १९१९ साली हे मंदिर बांधलं. वरच्या मजल्यावर क्वान कुंग या देवतेची पूजा होते. चिनी नववर्षाला इथे गर्दी होते, एरवी सगळं शांत असतं. सांभाळणाऱ्या कुटुंबाला विचारून, चपला काढून आत जा.

गिरगावात काय पाहावं?

खोताची वाडी बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. वामन हरी खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या नावाने ओळखली जाणारी ही वाडी. त्यांनी इथले भूखंड ईस्ट इंडियन कुटुंबांना दिले आणि अरुंद गल्ल्यांत ओटीवाल्या, रंगीत लाकडी घरांची रांग उभी राहिली. चर्नी रोडहून चालत दहा मिनिटं लागतात.

पण मी पाहुण्यांना वाडी दाखवून तिथेच थांबत नाही, खाडिलकर रस्त्यावर केशवजी नाईकांच्या चाळीत नेते. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती इथे १८९३ साली बसला. आजही मूर्ती लहान आणि शाडूचीच असते. गणपतीच्या दिवसांत लालबागच्या रांगेत सात-आठ तास घालवणाऱ्या माणसाला इथे पाच मिनिटांत, देवासमोर उभं राहून, शांतपणे हात जोडता येतात. माझ्या एका मामेबहिणीला मी असं नेलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, हा तर आपल्या घरच्यासारखाच आहे."

गिरगावातूनच पुढे वाळकेश्वरला बाणगंगेवर जा. सूर्योदयाला जा, याला पर्याय नाही. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि तलावाला मात्र गोड्या पाण्याचा झरा. रामाला तहान लागली म्हणून बाण मारून पाताळगंगा वर आणली, अशी कथा आहे. आत्ताची दगडी बांधणी १७१५ साली रामा कामती यांनी केलेली. सभोवती देवळं, दीपमाळा आणि गौड सारस्वतांचे कवळे आणि काशी मठ. पायरीवर बसलं की आधी घंटा ऐकू येते, मग बदकांचा कलकलाट, मग कुणीतरी पोरगं धाडकन उडी मारतं आणि हिरव्या पाण्यावर पडलेलं देवळाचं प्रतिबिंब मोडतं. ते परत जुळेपर्यंत मी नेहमी बसून राहते. सर्वपित्री अमावास्येला मात्र श्राद्धविधींसाठी फार गर्दी असते, त्या दिवशी नुसतं बघायला म्हणून जाऊ नये.

लोकांच्या घरांचे फोटो काढले तर चालतात का?

विचारून काढा. खोताच्या वाडीत घरांसमोर पोज देऊन तासन्‌तास शूटिंग करणाऱ्यांना रहिवासी कंटाळलेले आहेत आणि त्यांचं काही चुकत नाही. ओटीवर कुणी भाजी निवडत बसलंय, तिथे कॅमेरा रोखायचा नाही. आधी दोन शब्द बोलायचं, मग विचारायचं. नाही म्हणाले तर हसून पुढे जायचं. ससून डॉकवर फोटोंना मनाई आहे, तिथे पहाटे जाऊन नुसतं डोळे भरून लिलाव बघा.

परळच्या शिवाबद्दल ऐकलंय. तो कुठे बघायला मिळतो?

हा माझ्या माहेरचा विषय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

१९३१ साली परळला रस्त्याचं काम चालू असताना जमिनीतून एक प्रचंड शिळा निघाली. साडेतीन मीटरच्या आसपास उंची, एकाच दगडात कोरलेला शिव, त्याच्यातून वर निघालेला दुसरा, त्याच्यातून तिसरा आणि दोन्ही बाजूंना झेपावणाऱ्या आणखी शिवमूर्ती. अशी सात रूपं. पायाशी वाद्यं घेतलेले गण. साधारण पाचव्या-सहाव्या शतकातलं हे काम, म्हणजे घारापुरीच्या आगेमागे. परळकरांनी ती शिळा गावातच, बारादेवीच्या देवळात ठेवली आणि ती अजून तिथेच आहे. एरवी खोलीला कुलूप असतं. महाशिवरात्रीला दर्शन मिळतं.

लहानपणी आजी मला न्यायची. रांगेतून आत गेलं की आधी काही कळायचं नाही, नुसता दगड. मग डोळे अंधाराला सरावले की एकातून एक देव वर चढत जाताना दिसायचे आणि मान मागे टाकत टाकत मी आजीच्या पदराला धरायचे. त्या मूर्तीला संग्रहालयातल्यासारखी पाटी नाही, दिवे नाहीत. बेलाची पानं आणि ओली फरशी आहे. महाशिवरात्रीला जमणार नसेल तर तिची प्रतिकृती छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहता येते आणि बारकावे तिथे जास्त नीट दिसतात. पण खरी शिळा एकदा तरी पाहा.

लेणी म्हणजे घारापुरी आणि कान्हेरी. उपनगरात आणखी आहेत का?

आहेत आणि तीही वस्तीच्या मधोमध. अंधेरी पूर्वेला महाकाली लेणी, म्हणजे कोंदिवटे. एकोणीस बौद्ध लेणी, सगळ्यांत जुनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. घाई असेल तर बाकी सोडा, पण नवव्या लेण्यात जा. आयताकृती दालनाच्या टोकाला खडकातच एक गोल झोपडी कोरलेली आहे, तिला जाळीच्या खिडक्या आणि आत स्तूप. त्या काळी कुडाच्या गोल झोपडीत स्तूप ठेवत असतील तर ती दिसायची कशी, हे दगडात टिकून राहिलंय. जाळीला डोळा लावून आत बघा.

जोगेश्वरीची लेणी सहाव्या शतकातली, शैव. चारी बाजूंनी घरं चढलेली आणि आत जोगेश्वरी देवीचं जागतं ठाणं. वास्तू म्हणून फार मोठी आहेत, पण खडक झिजलेला आहे आणि पावसात पाणी झिरपतं.

बोरिवलीचं मंडपेश्वर हे इतिहासाच्या दृष्टीने मला सगळ्यांत बोलकं वाटतं. मूळ शैव लेणं. पोर्तुगिजांनी त्याचं चर्च केलं, वर मठ बांधला. लेण्यातल्या एका भिंतीवर शिल्प तासून कोरलेला क्रूस आजही दिसतो. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत साष्टी, म्हणजे मुंबईच्या उत्तरेचं हे बेट, मराठ्यांकडे आली आणि पुन्हा शिवपूजा सुरू झाली. आत नटराज आहे, शिव-पार्वतीचं लग्न आहे, वर मठाचे पडके खांब आणि समोरच्या मैदानात क्रिकेट.

अंधेरीतच, पण पश्चिमेला, गिल्बर्ट हिल. ही लेणी नव्हेत, काळ्या बेसॉल्टचा सरळसोट सुळका आहे, सुमारे ६१ मीटर उंच आणि साडेसहा कोटी वर्षांहून जुना. ज्या लाव्ह्यातून आपला सह्याद्री झाला, त्याच काळातला. दगडात कोरलेल्या पायऱ्यांनी वर गेलं की गावदेवीचं देऊळ लागतं. संध्याकाळी पाच-साडेपाचला जा.

मशीद बंदरला सिनेगॉग आहे हे खरं का?

खरं आहे, आणि मराठी माणसाने ते पाहिलंच पाहिजे. सॅम्युएल स्ट्रीटवरचं शार हारहमीम, म्हणजे दयेचं द्वार. मुंबईतलं सगळ्यांत जुनं, १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधलेलं. ते इंग्रजांच्या सैन्यात होते. टिपूच्या कैदेतून जीव वाचला म्हणून नवस फेडला, अशी कथा समाजात सांगतात. बेने इस्रायली हे ज्यू लोक कोकणचे, मातृभाषा मराठी, आडनावं गावांवरून पडलेली : दिवेकर, पेणकर, रोहेकर. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत. या प्रार्थनास्थळालाही ते मशीदच म्हणायचे आणि स्टेशनाचं नाव त्यावरूनच आलं असं मानतात. यातले बरेच जण इस्राएलला गेले, तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही त्यांनी चालवलं.

सुरक्षेमुळे आधी विचारून जावं लागतं, ओळखपत्र बरोबर ठेवा, पुरुषांनी डोकं झाका. शनिवारी पाहायला म्हणून जाऊ नका, तो प्रार्थनेचा दिवस.

मुंबईतल्या मुंबईत किल्ले पाहायचेत. कोणते?

शीवचा किल्ला. शीव म्हणजेच हद्द. इंग्रजांची मुंबई इथे संपायची आणि पलीकडे पोर्तुगिजांची साष्टी सुरू व्हायची. जेरॉल्ड अंजियर गव्हर्नर असताना, १६६९ ते १६७७ च्या दरम्यान तो बांधला. स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, पायथ्याशी बाग, वर पडक्या खोल्या आणि चारही दिशांना मोकळी नजर. शिवडीचा किल्ला १६८०चा, लहान आहे, पण खाडीकडे बघत बसायला उत्तम. धारावीतला काळा किल्ला १७३७चा. त्याच्या नावाचं बेस्टचं आगार सगळ्यांना ठाऊक असतं, किल्ला मात्र शेजारच्या गल्लीतल्यालाही विचारावा लागतो. मढचा किल्ला हवाई दलाच्या ताब्यात आहे, आत सोडत नाहीत. तेवढ्यासाठी एवढ्या लांब जाऊ नका.

फ्लेमिंगो नक्की कधी आणि कुठे दिसतात?

साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत. आपल्याकडे त्यांना रोहित किंवा अग्निपंख म्हणतात. शिवडीच्या जेटीवर जायचं तर महिन्यापेक्षा भरती-ओहोटीची वेळ महत्त्वाची. पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली जातो आणि पक्षी उठून जातात. पूर्ण ओहोटीला ते इतके लांब असतात की नुसती गुलाबी रेघ दिसते. भरतीच्या आधीचे किंवा नंतरचे दोन-तीन तास धरा, पाण्याबरोबर ते चालत जवळ येतात. याच चिखलावरून आता अटल सेतू निघतो. माना खाली घालून चिखल चाळणारे हजारो पक्षी आणि मागे पुलाचे खांब, हे दृश्य बघताना आनंदही होतो आणि काळजीही वाटते.

नावेतून पाहायचं असेल तर ऐरोलीला सागरी जैवविविधता केंद्र आहे. नावेच्या वेळा भरतीप्रमाणे बदलतात, आधी नोंदणी करावी लागते. ठाणे खाडीला २०२२ साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

याच चालीची दुसरी गोष्ट : पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ओहोटीही खूप आत जाते. अशा दिवशी गिरगाव चौपाटीच्या टोकाला किंवा हाजी अलीच्या खडकांवर खाच-खळग्यांत साचलेलं पाणी पाहा. खेकडे, शंख, समुद्रफुलं, कधी इवलासा ऑक्टोपससुद्धा. घसरणार नाहीत अशा चपला घाला, काही उचलू नका आणि पाणी वळायच्या आत बाहेर या.

मुलांना कंटाळा येणार नाही असं काही?

अणिक आगारातलं बेस्टचं संग्रहालय. १८७४ साली घोड्यांची ट्राम, १९०७ला विजेची, १९२६ला पहिली बस आणि १९६४ साली ट्राम कायमची बंद. हा सगळा प्रवास तिथे प्रतिकृती, तिकिटं आणि यंत्रांतून मांडलेला आहे. कंडक्टरचं तिकीट पंच करायचं यंत्र मुलांना दाखवा, टिक-टिक आवाज ऐकला की आजोबांनाही बोलावंसं वाटतं. जायच्या आधी चालू असल्याची खात्री करून घ्या.

राणीच्या बागेत पेंग्विन बघितले की लोक निघतात. तिथेच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२चं. त्याच्या अंगणात दगडी हत्ती उभा आहे. हाच तो घारापुरीचा हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना तुटला आणि पुढे जोडून इथे ठेवला. मुलांना ही गोष्ट हत्तीसमोर उभं राहून सांगा, आणि मग सांधे शोधायला लावा. बुधवारी जाऊ नका, बंद असतं.

धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यानही मुलांना आवडतं. ३७ एकर जंगल, आणि हे सगळं कचऱ्याच्या डम्पिंग ग्राउंडवर उभं केलेलं.

सासूबाईंना जिने चढवत नाहीत. त्यांना कुठे नेऊ?

वरळीचं जपानी बुद्धमंदिर. १९५६ सालचं, रस्त्याला लागून. संध्याकाळच्या प्रार्थनेला भिक्षू मोठा ढोल वाजवतात आणि एकच मंत्र संथपणे म्हणतात. आमच्या सासूबाई अर्धा तास डोळे मिटून बसल्या आणि निघताना म्हणाल्या, "भाषा कळली नाही, पण नामस्मरणच आहे की हे." दादरच्या हिंदू कॉलनीतलं राजगृह, बाबासाहेबांचं घर, तेही तळमजल्यावर पाहता येतं. बाणगंगेला मात्र पायऱ्या आहेत. वरून दर्शन घेता येतं.

खायचं काय?

जिथे असाल तिथलं. गिरगावात असाल तर विनय हेल्थ होमची मिसळ. धोबी तलावाला असाल तर कयानीत ब्रून मस्का आणि चहा, १९०४ पासून चालू आहे. शीवहून माटुंग्याला आलात तर कॅफे मद्रास, रविवारी मात्र रांग धरून उभं राहावं लागेल. ईस्ट इंडियन ओळखीचं कुणी निघालं तर बॉटल मसाल्याची (हा त्यांचा घरगुती मसाला) आमटी आणि फुगिया, म्हणजे तळलेले गोल पाव, घरीच मिळतील, हॉटेलात शोधत बसू नका.

एकट्या बाईने जावं का?

मी जाते. माथारपाखाडी, गिरगाव, बाणगंगा इथे कधीही. शिवडीच्या जेटीचा रस्ता ट्रकांचा आणि निर्जन आहे, तिथे सोबत हवी. कोंदिवट्याला आठवड्याच्या मधल्या दुपारी शुकशुकाट असतो, रविवारी सकाळी जा.

गाइड लागतो का?

पहिल्यांदा घेतला तर चांगलं, जाणकारांबरोबरच्या पदयात्रा शहरात सतत होत असतात. पण दुसऱ्यांदा एकट्याने जा. एकदा मी ठरवलेल्या पदयात्रेत पंचवीस जणांना दीड तासात नऊ ठिकाणं दाखवली गेली. माझ्या हाती एकही लागलं नाही. एका सकाळी एक स्टेशन, हे माझं मोजमाप.

पावसाळ्यात काय?

लेणी आणि गिल्बर्ट हिल टाळा, निसरडं असतं. जुलैच्या संततधारेत बाणगंगा मात्र सुंदर दिसते, आणि दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात अख्खी दुपार काढता येते.

अशा जागा सगळ्यांना सांगितल्या तर त्या बिघडणार नाहीत का?

हा प्रश्न मला मनापासून छळतो. खोताच्या वाडीत एकेकाळी पासष्ट घरं होती, आता तीसही जुनी घरं उरलेली नाहीत. ती पाहुण्यांनी पाडली नाहीत. त्यांच्या जागी इमारती आल्या, तेव्हा विचारायला फारसं कुणी नव्हतं, कारण गिरगावाबाहेर ती फारशा कुणाला माहीतच नव्हती. म्हणून मी सांगते. गेल्या डिसेंबरात वाडीत नाताळचे कंदील लागले होते. एका ओटीवर एक आजी करंज्या तळत बसल्या होत्या, नेवऱ्या म्हणतात त्यांना. माझ्याबरोबर आलेल्या मुलीने विचारलं, "आजी, बसू का?" त्यांनी पाट सरकवला आणि कातणं तिच्या हातात दिलं. बारा करंज्या कातून झाल्यावर आम्ही उठलो, आणि त्या मुलीने फोन पिशवीतून बाहेरही काढला नव्हता.